पाचटाआडचा कोपरा

"तो कोपरा जरा दाबून सारव, सारजा. म्हशीनं तितं लई उकरलंय," आप्पासाहेबांनी दारातूनच सांगितलं.

"व्हय जी," म्हणत सारजेनं कोपरापर्यंत शेणात भरलेला हात भिंतीच्या कडेकडेनं फिरवला. मनातून ती सुखावली होती. घरमालक स्वतः येऊन बघतो, म्हणजे काम डोळ्यांत भरलं असणार. तिच्या गावी, पिंपळीला, कुणाच्या घरी लग्न निघालं की मांडवाच्या आधी सारजेला बोलावणं जायचं. तिच्या हाताखालून गेलेल्या जमिनीवर पत्रावळ न मांडता जेवावं, असं बाया म्हणायच्या. मालकाच्या डोळ्यांदेखत आपण हे काय करून ठेवतोय, ते तिला तेव्हा कळलं नाही.

घर कसलं, आप्पासाहेबांच्या म्हशीचा गोठा होता तो. या गावाच्या शिवेला साखरेचा कारखाना उभा राहिला आणि गावाला नवंच पीक सापडलं. बाबू लोकांना चाळीत खोल्या मिळाल्या. उसाच्या मोळ्या उतरवणाऱ्या तिच्या नवऱ्यासारख्यांनी, सावळारामसारख्यांनी कुठं पडायचं, हे कुणी विचारलं नाही. मग गावानं म्हशी काढून कडुनिंबाखाली बांधल्या आणि गोठ्यांत माणसं भरली. म्हशीला पेंड घालावी लागते, माणूस स्वतःचं खातो आणि वर भाडंही देतो. कालपर्यंत वाटसरूला ओसरीवर घोंगडी टाकून देणारी ही माणसं, आता दावणीची जागा वितीनं मोजून भाड्याला लावू लागली होती. शेणात जन्म गेला तरी सारजेला शेणाची किळस कधी आली नव्हती. माणसांची यायला लागली ती या गावात आल्यापासून.

पण तिला इथं राहणं भाग होतं. पिंपळीचं घर दिरांच्या वाट्याला गेलेलं. लेक म्हाळसा पहिलटकरीण, पौषात बाळंतपणाला यायची. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे आता हा गोठा. म्हणून तर सारजेनं ओढ्याची पांढरी माती आणून भिंती पोतारल्या होत्या, दावणीचे खुंटे उपटून खड्डे बुजवले होते, गव्हाणीत गाडगीमडकी रचली होती.

तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब आले ते कारखान्यातल्या एका छत्रीवाल्या मिस्त्रीला घेऊन. मिस्त्रीनं छत्रीच्या टोकानं भिंत ठोकली, मग खाली वाकून जमिनीचा वास घेतला.

"वास नाही हो," तो नवलानं म्हणाला.

"असंल कसा? घर हाय ते," आप्पासाहेब म्हणाले. मग सारजेकडे वळून त्यांनी सांगितलं, "ह्यो दीडपट द्यायला तयार हाय. तुमी देता का तेवढं? न्हाय तर सोमवारी मोकळं करा."

"आप्पासाहेब, लेक यायची हाय. पयलं बाळंतपण हाय तिचं."

"मग तर न्हायच जमायचं. आमच्या देवघराची भित हितंच लागून हाय. माणसाचं सुवेर नको आमाला."

"गेल्या साली तुमची म्हस ह्याच कोपऱ्यात व्याली न्हवं? चीक तर तुमीच आळीला वाटला."

"जनावराची गोष्ट येगळी," आप्पासाहेब म्हणाले. बोलताना त्यांची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

वेगळी होतीच. म्हैस व्याली की दूध मिळतं, सारजेची लेक व्याली तर यांना काय मिळणार? ज्या भिंतीला देवाचा एवढा सोस, तिच्याआड मिस्त्रीनं खाल्लेल्या कोंबड्यांची हाडं पडली तर देवाची हरकत नव्हती, दीडपट भाड्यात ती आधीच मिटली होती. 

गावभर हिंडून सावळारामला अखेर दगडाबाईचा शेळ्या कोंडायचा वाडगा मिळाला. शेळ्या परसात हलवल्या होत्या, पण त्यांनी वर्षानुवर्षं केलेली घाण तिथंच होती. भाडं मात्र आप्पासाहेबांच्या गोठ्याइतकंच. गोठा घर झाला होता ना, मग वाडग्यानं गोठा व्हायला नको?

सावळारामनं न सांगता ओढ्यावरून मातीची पाटी आणली. "भिजवू का?"

"नगा."

"अगं, सारवायचं न्हाय?"

"सारवलं की घर व्हतं. घर झालं की मालकाच्या डोळ्यावर येतं," सारजा म्हणाली. "म्हाळसाला भरल्या पोटानं कुठं हिंडवायची पुन्यांदा?"

सावळारामनं पाटी खाली ठेवली. सारजेनं त्याच्याकडून उसाच्या वाळल्या पाचटाची एक ताटी बांधून घेतली आणि वाडग्याच्या मागच्या भागात आडवी लावली. दगडाबाई रानात गेली की ताटीआडची जमीन ती खरवडायची, चोपायची, सारवायची. एक बाज आणि एक शेगडी मावेल एवढाच कोपरा, पण पिंपळीतल्या कुठल्याही लग्नघराच्या तोडीचा. ताटीच्या अलीकडचं मात्र तिनं जसंच्या तसं ठेवलं, लेंड्या, जाळी, मुताचे डाग, सगळं. आळीतल्या बाया दारावरून जाताना नाकाला पदर लावायच्या आणि 'कसली गबाळी बाई' म्हणायच्या. सारजा ऐकून घ्यायची. एकदा सावळारामच म्हणाला, "पिंपळीच्या लोकांनी बघितलं तर?" ती चूल फुंकू लागली.

म्हाळसा आली आणि त्या कोपऱ्यात सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली. दाराशी शेळ्यांचा वास, आत ओव्याशेपाची धुरी.

पाचवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी दारात बैलगाडी थांबली. इंदापूरकडून म्हाळसाची सासू प्रयागबाई नातीला कुंची-अंगडं घेऊन आली होती. आपल्या वाडग्यापुढं गाडी कुणाची, म्हणून दगडाबाईही मागोमाग आली.

प्रयागबाईनं एक पाय आत टाकला आणि तो तिथंच थांबला. तिनं खाली बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि पदर नाकाला गेला.

"विहीणबाई, हितं बाळंतीण ठेवली तुमी?"

सारजेच्या जिभेवर शब्द आले होते, आत या, बघा. चार पावलांवर ताटी होती. पण प्रयागबाईच्या खांद्यावरून दगडाबाई मान उंचावून बघत होती.

"आत्याबाई, आत या की," ताटीमागून म्हाळसाचा आवाज आला. "हितं आत—"

"निज गं तू," सारजा तोडून म्हणाली. "वारा लागंल."

 सारजेनं आत जाऊन पोर आणलं आणि दारातच विहिणीच्या हातात दिलं. प्रयागबाईनं नातीला नाकाशी नेऊन हुंगलं. पोराला फक्त दुधाचा आणि धुरीचा वास होता. तिनं चमकून सारजेकडे बघितलं, पुन्हा खालच्या लेंड्यांकडे बघितलं. काहीतरी जुळत नव्हतं.

"मी तर रोज सांगती, जरा झाडून घ्यावं बाईनं," दगडाबाई मध्येच बोलली. "पर एकेकीला घाणच बरी वाटती."

ही घाण तिच्याच शेळ्यांची होती, आणि तिचंच ती भाडं घेत होती. सारजेनं विहिणीसाठी पाण्याचा तांब्या भरून घेतला. तिला वाटलं, हे पाणी या बाईच्या तोंडावर मारावं. तिनं तो तांब्या विहिणीपुढं केला. प्रयागबाईनं त्याला हात लावला नाही.

"बारावं झालं की गाडी धाडते," ती म्हणाली. "दोघींनाबी घरी नेते. सवा महिना हितं नगं."

गाडी ठरल्याप्रमाणे आली. निघताना म्हाळसा आईच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आये, घरी गेल्यावर मी आत्याबाईंना आतलं सगळं सांगते."

"सांगू नगंस," सारजा म्हणाली. "बाया बोलत्यात. बोलणं फिरत फिरत हितवर येतं."

"मग त्या तुला तसलीच समजत्याल की."

"समजू दे. तुझं नीट पार पडलं न्हवं?"

गाडी दिसेनाशी झाल्यावर सारजा आत आली. ताटीआडची बाज रिकामी होती, शेगडीतली राख अजून कोमट होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आळीत सडे पडू लागले तेव्हा तिनं आधी तो कोपरा सारवून घेतला, काठाकाठानं, एकही बोट उठू न देता. मग हात धुऊन ती दारात आली. येण्याजाण्यानं उंबऱ्यापुढची जागा तुडवून पार स्वच्छ झाली होती. दगडाबाईच्या डोळ्यावर यायला एवढं पुरे होतं. ती परसात गेली, शेळ्यांखालच्या लेंड्यांची पाटी भरून आणली आणि दारात बसून, रांगोळी घालावी तशा चिमटीचिमटीनं पसरू लागली.