वीरगळाने न दिलेला कौल

मी आचऱ्याच्या किनाऱ्यावरचा वीरगळ बोलतोय. लढून मेलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड. गोड बोलणं मला जमत नाही; माझा जन्मच छिन्नीच्या माराने झालाय.

माझ्या पायथ्याशी मारामारी कोरलीय. वीर एकाच्या छातीवर पाय देऊन दुसऱ्याच्या मानेवर तलवार घालतोय. वर, डोक्याशी, स्वर्ग. तिथे तोच वीर पिंडीपुढे हात जोडून बसलाय. त्याचं नाव सगळे विसरले. मग मलाच देव केलं, तेल थापलं, पुढ्यात कोंबडे कापले. बोललो का मी काही?

पूर्वी समुद्र माडांच्या पलीकडे असायचा. आता तापलाय म्हणतात, फुगलाय. दरसाल वादळ. माड मुळासकट उपटले, वाळू गिळली, जुनी खापरं नि हाडं बाहेर फेकली आणि माझ्या गुडघ्याला येऊन भिडला.

माझी पूजा बाबली करायचा. त्याची बायको सुगंधा म्हणाली, "देवाक वर आंगणात नेवया. हय ऱ्हवलो तर फुटतलो."

बाबली कौल घेतल्याशिवाय हलणारा नव्हे. त्याने दोन पाकळ्या ओल्या करून माझ्या खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "बा म्हाराजा, येतंस मा आमच्यावांगडा?"

अरे, त्यांच्यासोबत जायला मी एका पायावर तयार होतो! पण वारा सुटला आणि डावी पाकळी उडाली.

"वाऱ्यान पाडल्यान ती! दिसना नाय तुमका?" सुगंधा ओरडली.

"गप रव गो. देव नको म्हणता."

जळो असलं देवपण.

त्याच आठवड्यात वादळ आलं. लाटांनी बंधाऱ्याचे धोंडे उचलून माझ्यावर आपटले. बाबली दोर घेऊन धावत आला. "देवा, माफ कर!" म्हणत त्याने मला मिठी मारली. पुढच्या धोंड्याने त्याचा हात चेचला आणि मला कमरेत मोडलं. माझ्या दगडी तलवारीवरून माणसाचं रक्त ओघळलं ते तेव्हा पहिल्यांदा.

स्वर्ग समुद्राने नेला. माझ्याकडे मारामारी तेवढी उरली.

वादळ ओसरल्यावर सुगंधा चार शेजारी घेऊन आली. बाबलीचा हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हाताने तो पाकळ्या शोधू लागला.

"आता इचारूचा नाय!" तिने माझ्या कमरेला दोर आवळला. "चल रे देवा, गप."

आज मी त्यांच्या अंगणात अर्धा उभा आहे. बाबलीचा तो हात आता वर होत नाही. तेल सुगंधाच लावते. खाली किनाऱ्यावर माझे भाऊबंद, बाकीचे वीरगळ, अजून पाण्यात उभे आहेत.

त्यांना काही विचारू नका. उचला.