फांदीला टांगलेलं घड्याळ

मनगटावरचं घड्याळ थंडी सांगताना खोटं बोलतं. त्याचा दोष नाही. त्याला आपल्या कातड्याची ऊब लागते आणि तीच ते हवेची म्हणून सांगतं. खरी हवा कळायची असेल तर घड्याळ काढून सावलीत टांगून ठेवावं लागतं. सोबत आलेल्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे. घड्याळ माझ्या मुलाने आणलं, पुस्तक मी वाचलं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

डोंगरवाटेवरच्या दगडांवर पांढरे बाण रंगवायचं काम माझ्याकडे आहे. धुक्यात माणसं त्या बाणांवरून खाली उतरतात. वारा रंग खातो, म्हणून दरवर्षी ते पुन्हा रंगवावे लागतात. डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळाचं हे काम आधी नवरा करायचा. तो गेल्यावर मी ते मागून घेतलं. गेल्या खेपेला धुक्यामुळे मला घरी यायला उशीर झाला आणि मुलाने ठरवून टाकलं की आईचं आता वय झालं. सून म्हणाली, आईंना घरी बसवलं तर त्या आपल्या भिंतींवर बाण काढतील. यावर तो हसला नाही.

शेवटी तोड निघाली ती या घड्याळाची. ते उपग्रहावरून आपली जागा सांगतं, चाललेली वाट रेघेसारखी जपून ठेवतं, हवेचा दाब एकाएकी उतरला तर वादळाची सूचना देतं. शिवाय त्यात सिमकार्ड होतं, म्हणजे मी कुठे आहे, माझी नाडी किती, तापमान किती, सगळं मुलाच्या फोनवर. अट त्याने स्वच्छ सांगितली. एकदा जरी त्याला धावत यावं लागलं, तर मंडळाच्या चिटणिसांना सांगून तो माझं काम काढून घेणार. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

त्या रविवारी मी थेट माथ्यावर गेले. वरून रंगवत खाली यायचं, म्हणजे ओल्या बाणावर आपलाच पाय पडत नाही. माथ्यावर गार होतं. फार गारठ्यात रंग दगडाला धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटून येतो. म्हणून घड्याळ काढलं, तिथल्या वाकड्या झाडाच्या फांदीला टांगलं आणि तेवढ्यात जवळचा एक दगड घासून घेऊ म्हटलं. मग त्याच्या पुढचा. मग वळणापलीकडचा. हातात ब्रश असला की माझं असंच होतं.

परत आले तेव्हा घड्याळ फांदीवर थरथरत होतं. काचेवर मुलाचे निरोप एकाखाली एक. आई, उत्तर दे. आई, काय झालं? शेवटचा होता, निघालोय, हलू नकोस.

मला आधी उमगेना. मग फोनवर त्याने काय पाहिलं असेल ते डोळ्यांपुढे आलं. आईची जागा हलत नाही, नाडी लागत नाही आणि आई हळूहळू गार पडत चालली आहे.

हसू आलं, आणि लगेच अट आठवली. मी ठीक आहे असं कळवलं, पण निरोप त्याच्यापर्यंत पोचेना. तो चढाला लागला असणार, तिथे फोन चालत नाही. एवढ्यात घड्याळाने वादळाची सूचना दिली. चढतानाही दाब उतरतो, तेव्हा ते कधी कधी उगाच ओरडतं. पण हे तर कधीपासून एकाच फांदीला लटकलेलं होतं. म्हणजे खरोखर हवाच बदलत होती. पश्चिमेकडे पाहिलं तर समोरची टेकडी गायब. रंगाच्या डब्याचं झाकण ठोकलं, घड्याळ मनगटावर चढवलं आणि निघाले. हलू नकोस म्हणे!

धुक्याने मला वाटेतच गाठलं. सकाळी चढताना उमटलेली रेघ काचेवर होती, तिच्यावरून मी उतरत राहिले. मधल्या सपाटीवर कोणीतरी धापा टाकत येताना ऐकू आलं. मुलगा होता, दुकानात घालायच्या गुळगुळीत बुटांत. मला पाहून तो मटकन दगडावर बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. दम खाल्ल्यावर तो बोलायला लागला, आणि बोलणं थांबेना. चिटणिसांना त्याने खालूनच फोन केला होता, आई पडली म्हणून. आता हे काम संपलं, डबा इकडे दे, म्हणाला.

मी डबा दिला नाही. "आधी खाली चल," म्हटलं.

तो उठून डावीकडे निघाला. त्या सपाटीवरचे बाण पार पुसले होते, रंगवत अजून मी तिथवर आले नव्हते. घड्याळातली रेघ उजवीकडे जात होती. मी तसं सांगितलं.

"आत्ताच आलोय मी इकडून," तो म्हणाला. "आणि घड्याळ चुकू शकतं, आई."

"मला मारताना बरोबर होतं, आणि आता चुकतंय?"

तो तरीही हट्टाने पुढे गेला. त्याच्या बुटाखालून एक दगड सुटला. तो पडल्याचा आवाज बराच वेळ आला नाही, आला तोही फार खालून. मुलगा तिथेच थिजला. मग एकेक पाऊल मागे घेत माझ्यापाशी आला आणि माझ्या पिशवीचा पट्टा धरला, लहानपणी पदर धरायचा तसा. उजवीकडच्या रेघेवरून आम्ही उतरलो. पायथ्याशी त्याच्या गाडीत बसतो न बसतो तोच टपावर गारा वाजू लागल्या.

त्याचा फोन वाजला. चिटणीस होते. मुलाने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मी फोन घेतला. पडले नाही, म्हटलं, मधल्या सपाटीवर एकही बाण दिसत नाही, पुढच्या रविवारी तेवढंच काम करते, रंगाचा आणखी एक डबा काढून ठेवा.

"आई, पण अट..." मुलगा म्हणाला.

मी चष्मा लावला आणि त्याच्यादेखत घड्याळाच्या आत शिरले. काय काय पाठवायचं त्या पानावर जागा चालू ठेवली. नाडी बंद केली. तापमान बंद केलं.

"मी कुठे आहे ते तू बघ," मी म्हटलं. "जिवंत आहे का, ते माझं मी बघेन."

त्याने गाडी सुरू केली. डबा माझ्या मांडीवरच होता.