नाक्यावरच्या भाकऱ्या

मला राग लवकर येतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण पासष्ट साली जो आला तो अजून उतरलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

आमचं गाव नळदुर्गाच्या पुढं, अगदी सीमेवर. ओढा ओलांडला की म्हैसूर राज्य. गावच्या शाळेत मी तिसरीला शिकवायची. वर्गात चंद्रप्रभा पहिल्या नंबरची. दिवाळीनंतर ती दुपारच्या सुट्टीत जागची हलेनाशी झाली. विचारलं तर म्हणाली, "भूक न्हाय, बाई." आठ वर्षांच्या पोरीला भूक नाही! डोंबल! पिशवी उघडून बघितली, तर भाकरीचं फडकंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी तिच्या आईला गाठलं. मल्लम्माचं सासर ओढ्यापलीकडं. नवरा वारला, तशी चार वर्षांच्या शामलाला घेऊन ती इकडं माहेरी, म्हाताऱ्या आईपाशी आली होती; चंद्रप्रभा पहिलीपासून आजोळीच शिकायला होती.

"रेशन का आणत नाहीस?" मी विचारलं.

"कार्ड देत न्हाईत, बाई. नाव तिकडच्या कार्डावर हाय, ते कापल्याचा दाखला आणा म्हणत्यात. तिकडं गेले तर म्हणत्यात, इकडच्या नव्या कार्डाचा नंबर आणा, मग कापतो."

पाच महिने ती बाई दोन्ही काठांवर हेलपाटे घालत होती. मी स्वतः कचेरीत जाऊन भांडले. कारकून शांतपणे म्हणाला, "नियमच तसा आहे, बाई." अहो, मग पोरींनी तोवर काय नियम चावून खायचा?

बरं, धान्य नव्हतं असंही नाही. नवऱ्याच्या वाट्याची दोन पोती ज्वारी दिराकडं, ईरण्णाकडं, पडून होती. ईरण्णा भला माणूस, घेऊन जा म्हणत होता. पण त्या वर्षी एका राज्यातली ज्वारी दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी. ओढ्याजवळ रस्त्यावर आडवा बांबू टाकून नाका बसवलेला. दाणा सापडला, पीठ सापडलं, की जप्त. स्वतःच्या शेतातली ज्वारी, दोन कोसांवर, आणि पोरी उपाशी! कप्पाळ माझं!

वाट काढली ती मल्लम्मानंच. "दाण्याला बंदी, पिठाला बंदी. भाकरीला कोण अडवतंय?" म्हणाली. त्यांच्या घरात कडक भाकरी करतात. पातळ थापायची, भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून पापडासारखी वाळवायची. महिनाभर काही होत नाही तिला. मल्लम्मा ईरण्णाकडं गेली आणि जावेबरोबर तीन दिवस चुलीपुढं बसली.

आता माझं शहाणपण ऐका. मी म्हटलं, लपवायचं कशाला? आपण काय चोर आहोत? ती परतायची त्या रविवारी मी नाक्यावर जाऊन उभी राहिले आणि मल्लम्मा गाठोडं घेऊन आली, तसं तिथले कारकून बाबूराव यांच्या हातात माझं पत्र दिलं. 'सदर गाठोड्यात शंभर कडक भाकऱ्या असून त्या दोन लहान मुलींच्या महिन्याच्या अन्नासाठी आहेत.' खाली सही, हुद्दा, सगळं.

बाबूरावांनी पत्र वाचलं. शेजारी जमादार उभा होता, त्यानंही वाचलं.

"लिहून कशाला आणलं, बाई?" बाबूराव कळवळून म्हणाले. "बायाबापड्या रोज काहीबाही नेतात. मी तिकडं तोंड करून बिडी ओढत बसतो. आता शंभर म्हणून कागदावर आलं. वाटेच्या शिदोरीला सूट आहे, पण ही शिदोरी कशी म्हणू मी?"

"मग फाडा तो कागद!"

त्यांनी जमादाराकडं बघितलं. जमादार जागचा हलला नाही.

मी लई आरडाओरडा केला. शिदोरी कितव्या भाकरीला संपते, ते दाखवा म्हटलं नियमात. पंचनामा व्हायचा तो झालाच. बाबूरावांनी पाच भाकऱ्या शिदोरी म्हणून मल्लम्माच्या पदरात घातल्या. बाकीचं गाठोडं लाखेची मोहर लावून खोलीत गेलं, साहेब येईपर्यंत.

साहेब महिन्यानं आले. "भाकऱ्या कसल्या जप्त करता? देऊन टाका," म्हणाले. खोली उघडली तर आत उंदरांच्या लेंड्या आणि चुरा. मीच घातल्या होत्या त्या भाकऱ्या उंदरांच्या घशात.

ज्वारी इकडं येत नाही, तर पोरीच तिकडं जाऊ देत, असं मल्लम्मानं ठरवलं. ईरण्णा न्यायला आला. ती स्वतः आईला टाकून जाऊ शकत नव्हती. मला कळलं तशी मी शाळेतून दाखला लिहून घेऊन नाक्याकडं धावले. तिकडची शाळा कानडी. दाखला असला तर निदान वरच्या वर्गात बसवतील, नाहीतर पोरगी पुन्हा पहिलीत.

"मल्लम्मा, हा घे. चंद्रप्रभाचा दाखला."

तिनं हात पदराखाली घेतले. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नको, बाई. तुमी लिवलेलं काय बी नको आता आमाला."

दोघी पोरी काकाचा हात धरून बांबूखालून वाकून पलीकडं गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. आषाढात ईरण्णा बाजारात भेटला तेव्हा कळलं, चंद्रप्रभाला पहिलीत बसवलंय.