सासऱ्यांचा पखवाज

ध्यानाच्या शिबिराहून बोरिवलीला परतलेल्या सुगंधाने घरातला पसारा कमी करायचं मनावर घेतलं. "वस्तूंत जीव अडकला की मन मोकळं होत नाही," असं ती ज्याला त्याला सांगू लागली. नवरा चंद्रप्रकाश कामावर असताना तिने दिवंगत सासऱ्यांचा पखवाजही भंगारवाल्याला देऊन टाकला. चंद्रप्रकाश दर शनिवारी भजनात तोच वाजवायचा.

संध्याकाळी चंद्रप्रकाशने एवढंच विचारलं, "तुझं काय दिलंस गं?"

तिच्या साड्या, दागिने कपाटात जसेच्या तसे होते. ती तशीच भंगारवाल्याच्या दुकानावर धावली, पण पखवाज विकला गेला होता.

तिने माफी मागितली. "असू दे, जेवून घे," तो म्हणाला. शनिवारी भजनी मंडळी त्याला बोलवायला आली, तेव्हा मात्र तो अंग दुखतंय म्हणून आत जाऊन पडला. दारात उभ्या सुगंधाला त्यांच्याशी काय बोलावं ते कळेना.