खाण्यास सक्त मनाई

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतल्या मुलांच्या हातातली काळी पाटी नाही हं. मी पत्र्याची, पिवळ्या रंगाची, दोन लोखंडी पायांवर उभी राहणारी पाटी. एका मोठ्या शहराच्या ऐन मध्यावर, चारी बाजूंनी उंच इमारती आणि मधे रुमालाएवढं गवत अशी एक बाग आहे. तिथे मी अकरा वर्षं उभी होते. माझ्या अंगावर लिहिलं होतं, 'गवतावर बसू नये. बागेत खाण्यास सक्त मनाई आहे.' मला एवढंच बोलता यायचं आणि तेच मी ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका, सारखं बोलत राहिले. आज दुसरं काही सांगायला बसले आहे, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या दुकानात झाला. मोडीत निघालेल्या एका शटरचा पत्रा कापून त्याने मला घडवलं. अक्षरं काढता काढता तो डाव्या हाताने जेवत होता. 'खाण्यास' हा शब्द लिहायच्या जागी त्याचा तेलकट अंगठा उमटला, तरी त्यावरूनच त्याने रंग फिरवला. 'सक्त' तेवढा लाल रंगात काढला. मग दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून म्हणाला, "हिच्याकडे बघून कोणाची घास गिळायची छाती होणार नाही!" मला फार अभिमान वाटला. तेव्हा मला काय कळत होतं!

मला न्यायला बागेचा माळी आला. सगळे त्याला माळीकाका म्हणत. सडपातळ बांधा, गळ्यात शिट्टी, बोलणं मोजकं आणि वागणं दोरी लावून सरळ केल्यासारखं. माझ्यासाठी अर्ज त्यांनीच केला होता, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं. आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं दुपारी गवतावर डबे उघडत. जेवायचं आणि उठून जायचं, मागे भात, सालं, कागद, हाडं तशीच. त्यावर उंदीर आले. त्यांनी गवताखाली बिळं केली, मुळं कुरतडली, नव्या रोपांचा फडशा पाडला. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं ते गवत जागोजागी पिवळं पडायला लागलं. काका लोकांना हात जोडून सांगत, "बाबांनो, एवढं उचलून टाका." लोक "हो हो" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी काका बागखात्याच्या कचेरीत गेले आणि मला घेऊन आले.

पहिल्याच दुपारी जे घडलं ते मी जन्मात विसरणार नाही. फाटकातून एक ठेंगणी, हसऱ्या तोंडाची बाई डबा घेऊन आली आणि थेट गवताकडे निघाली. समोरच्या इमारतीच्या कॅन्टीनमध्ये ती स्वयंपाक करायची. सगळे तिला मावशी म्हणत. ती काकांची बायको होती.

"अगं, थांब," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. "ही लोकांसाठी ना?"

"मग आपण काय आभाळातून पडलोय?"

"अहो, घरी दहा माणसं. तुम्ही पहाटे बाहेर पडता, मी येते तेव्हा तुम्ही पेंगत असता. ही अर्ध्या तासाची दुपार, तेवढाच काय तो आपला संसार."

"मला कळत नाही का?" काका खाली बघत म्हणाले. "पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्याच्याने होणार नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी बागेच्या कुंपणाबाहेर कट्ट्यावर बसल्या आणि काका आतल्या बाजूला पायवाटेवर उकिडवे बसले. गवत नाही ना, मग चालेल, अशी काहीतरी त्यांनी मनाची समजूत घातली असावी. लोखंडी गजांमधून भाजीची वाटी इकडून तिकडे जायची. पण चार दिवसांनी कोणीतरी जाता जाता म्हणालं, "बघा, बघा, माळीकाका पिंजऱ्यात जेवतायत!" आणि दुसऱ्याने विचारलं, "काका, बागेत खायला मनाई आहे ना?" काकांचा चेहरा पडला. त्या दिवसापासून ते अवजारांच्या खोलीत, खताच्या पोत्यावर बसून एकटे जेवायला लागले. मावशी कॅन्टीनमध्ये, उभ्याने. मी मात्र ताठ उभी राहून माझं तेच तेच सांगत राहिले.

मग माझे चांगले दिवस आले. उंदीर गेले. चार महिन्यांत गवत असं दाट झालं, की बघणाऱ्याचा पाय वाटेतच थांबावा. कचेरीतले साहेब आले, काकांच्या हातात प्रशस्तिपत्र दिलं, फोटो काढला. फोटोत काकांच्या शेजारी मी होते. साहेब म्हणाले, "अशी शिस्त सगळ्या शहराला लागली पाहिजे." मी आतल्या आत फुगले.

पण मित्रांनो, मी दिवसभर तिथेच असायचे, म्हणून साहेबांना दिसत नव्हतं ते मला दिसायचं. माणसं डबे हातात घेऊन फाटकाशी येत, माझ्याकडे बघत आणि परत फिरत. जिन्याच्या पायऱ्यांवर, बसथांब्यावर, दुकानाच्या मागच्या गल्लीत कचऱ्याच्या पेटीशेजारी उभी राहून जेवत. एक म्हातारे गृहस्थ रोज माझ्यासमोरच्या बाकावर बसायचे. ते खिशातल्या खिशात पाव मोडायचे आणि खोकल्याचं निमित्त करून तुकडा तोंडात टाकायचे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक बाई कामाला होती. तिने एकदा नकळत गवतावर बसून डबा उघडला. पहिला घास तोंडाशी गेला न गेला तोच काकांनी शिट्टी फुंकली. ती बिचारी घास डब्यात परत ठेवून उठली. त्या दिवशी मला स्वतःची पहिल्यांदा लाज वाटली.

अशी अकरा वर्षं गेली. माझा रंग उडाला, कडांना गंज चढला. रंगाऱ्याच्या अंगठ्याची जागा तर पार पापुद्रे सुटून उघडी पडली. आणि मग मावशी आजारी पडल्या.

हे मला कळलं ते औषधाच्या दुकानातल्या बाईमुळे. काका तिच्याच दुकानातून औषधं नेत. एका दुपारी ती मुद्दाम बागेत आली.

"काका, मावशी जेवतात का हो?"

"दोन घास, कसेबसे." काका कात्रीने मेंदी छाटत होते, पण कात्री एकाच जागी हवेत चालत होती. "डॉक्टर म्हणतात, बरं होणं आता आपल्या हातात नाही. जितके दिवस खाईल तितके दिवस. पण समोर ताट ठेवलं की तोंड फिरवते."

"का पण?"

"म्हणते, या खोलीत घास उतरत नाही. गवतावर नेऊन बसवा, मग बघा जेवते की नाही."

"मग आणा की! इथे तर आहे गवत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "इतक्या लोकांना उठवलंय मी. तुम्हालासुद्धा. आता बायकोची वेळ आली तर कुठल्या तोंडाने बसवू? अर्ज केलाय कचेरीत. पाटी काढायला परवानगी द्या म्हणून."

"कधी केलात?"

"आठ दिवस झाले. मुकादम म्हणाला, साहेब रजेवर आहेत."

ती बाई चिडली. "काका, अर्जाला भूक लागत नाही. माणसाला लागते!"

आणखी आठ दिवस काका रोज कचेरीत खेटे घालून येत आणि माझ्यासमोर उभे राहत. त्या आठ दिवसांत मी काय काय केलं म्हणून सांगू! वाऱ्याला विनवलं, मला पाड. गंजाला म्हटलं, लवकर खा बाबा मला. पण ज्या पायांचा मला तोरा होता ते काँक्रीटमध्ये रोवलेले, ते कशाला हलतायत!

सतराव्या दिवशी भर दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. जावेच्या खांद्यावर हात टाकून मावशी उतरल्या. त्यांचं ठेंगणं, भरलेलं शरीर निम्मं झालं होतं. दुसऱ्या हातात डबा होता, तो त्यांनी जावेकडेसुद्धा दिला नव्हता. काका धावत गेले.

"अगं, असं कसं आलीस? परवानगी आज-उद्यात येईलच. उद्यापर्यंत थांब."

"उद्याचं मला सांगू नका," मावशी म्हणाल्या. "मला आज भूक लागलीय. कित्येक दिवसांनी लागलीय. ती गेली की परत येईल न येईल."

त्या माझ्या अगदी शेजारून गेल्या. जाता जाता माझ्यावर हात टेकून त्यांनी दम घेतला. मग गवतावर बसल्या, डबा उघडला आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "हं, वाजवा की शिट्टी."

बाकावरचे म्हातारे, वाटेवरून चालणारी माणसं, औषधाच्या दुकानातली बाई, सगळे जागच्या जागी उभे होते. काकांनी गळ्यातली शिट्टी हातात धरली. मग ती खिशात टाकली आणि ते मावशींच्या समोर मांडी घालून बसले. मावशींनी भाताचा एक लहान घास केला, तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावला. मग दुसरा. काकांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते ती पुसतही नव्हते.

तेवढ्यात कोणीतरी मागून बोललंच. "काका, त्यांना एक नियम आणि आम्हाला एक?"

याच प्रश्नाला घाबरून काका सोळा दिवस कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते. ते उठले. खोलीतून पाना आणला आणि माझे चारही बोल्ट काढले. एक अडकला होता, तो हातोडीने तोडला. मला खाली उतरवून, अक्षरं भिंतीकडे करून खोलीच्या भिंतीला टेकवलं आणि सगळ्यांना म्हणाले, "बसा. जेवा. इतकी वर्षं उठवलं, मला माफ करा."

पहिल्यांदा कोणी हललं नाही. मग बाकावरचे म्हातारे उठले, गवतावर बसले आणि खिशातला पाव बाहेर काढून सगळ्यांसमोर मोठा घास घेऊन खाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. त्याने गवतावर जेवणारी माणसं पाहिली, माझे रिकामे पाय पाहिले, मावशींकडे पाहिलं. काका म्हणाले, "माझी नोकरी घ्या, पण महिनाभर काही बोलू नका." मुकादम थोडा वेळ डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "मी आज इकडे आलोच नाही," आणि निघून गेला.

मावशी एकोणीस दुपारी आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त जगल्या असं मी म्हणणार नाही, मला त्यातलं कळत नाही. पण त्या जेवल्या. काकांना मीठ जास्त झालं म्हणून रागावल्या, औषधाच्या दुकानातल्या बाईच्या डब्यातली काकडी पळवून खाल्ली, ऊन पाठीवर घेत तिथेच दहा मिनिटं झोपल्या. विसाव्या दिवशी त्या आल्या नाहीत. मग काकाही आठ दिवस आले नाहीत.

आणि मित्रांनो, सांगायला वाईट वाटतं, पण त्या आठ दिवसांत लोक पुन्हा होते तसे झाले. काका परत आले तेव्हा गवतावर भात वाळला होता, सालांना मुंग्या लागल्या होत्या, आणि झाडाच्या बुंध्याशी एक ताजं बीळ होतं. काकांनी ते बीळ बराच वेळ पाहिलं. मग ते मला उचलून गवताशी घेऊन आले. त्यांच्या मुठीत नवे बोल्ट होते. जेवणाऱ्यांचे हात थांबले. मीही जीव मुठीत धरला होता. मला परत उभं राहायचं नव्हतं.

औषधाच्या दुकानातल्या बाईने हळूच विचारलं, "काका, परत लावताय?"

काकांनी मूठ उघडून बोल्टांकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकदा लावली होती. उंदीर गेले. पण बसून जेवणारी माणसंही गेली, आणि त्यात एक माझं होतं."

त्यांनी बोल्ट खिशात टाकले, मला गवतावर आडवं ठेवलं आणि खाली बसून एकेक साल, एकेक शीत उचलून माझ्यावर टाकायला लागले. कोणाला एका शब्दाने बोलले नाहीत. आधी बाकावरचे म्हातारे वाकले. मग ती बाई. मग बाकीचे, मान खाली घालून. माझ्यावर ढीग झाला तेव्हा दोघांनी मला उचलून खताच्या खड्ड्याशी नेलं. आता मी रोज दुपारी हेच काम करते. माझी अक्षरं घासून घासून गेली आहेत, आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्याही शहरात इमारतींच्या मधे कुठेतरी एवढंसं गवत असेल. तिथे जरूर जा, आपल्या माणसांना घेऊन जा, पोटभर जेवा. उठताना मात्र एकदा खाली बघा आणि आपलं खरकटं आपण उचला. तुम्ही ते टाकून गेलात, की कोणीतरी भला माणूस माझ्यासारखी पाटी आणतो आणि मग ती कोणालाच सोडत नाही. उंदरांनी खाल्लेलं गवत चार महिन्यांत पुन्हा उगवलं. मी त्या दोघांच्या अकरा वर्षांच्या दुपारी खाल्ल्या, त्या काही उगवल्या नाहीत.