सातव्या दिवसाचा उजवा बूट

"मावशी, तुम्ही स्वतः कधी ही वाट चाललात, की नुसते लोकांचे बूटच शिवता?"

विचारलं एकदाचं! माझ्या दोन मैत्रिणी, उंच म्हणून उंटीण आणि सतत शंका काढते म्हणून शंकेखोर, दाराआड तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. हे विचारून दाखव अशी पैजच लावली होती दोघींनी, कारण बूट दुरुस्त करणाऱ्या या मावशी गिऱ्हाइकाला फाडून खातात असं आख्ख्या मुक्कामात बोललं जात होतं. मला कसली भीती? मी तर घरीच चालले होते.

बारा दिवसांची वाट, आज सातवा. पाचव्या दिवसापासून उजव्या पायाच्या बोटांत जाळ उठला होता. मी पट्ट्या लावल्या, वर दोन मोजे चढवले, तर आणखीच ठणका. काल संध्याकाळी फोनवर आईपुढे भोकाड पसरलं आणि आईबाबा आज पहाटे गाडी घेऊन निघालेसुद्धा. आजचा दिवस विश्रांतीचा होता, म्हणून खेळाच्या बाईंनी निघण्याआधी बूट तरी दाखवून ये म्हणून पाठवलं. सगळं ठरलं होतं तरी रुखरुख होतीच. वर्षभर सराव केला होता हो मी!

मावशींनी दाभण खाली ठेवलं.

"तीनदा चालले. पहिल्या दोन वेळा याच गावातून परत गेले."

"पाय दुखला म्हणून?"

"हो. आणि दुसऱ्या खेपेला बसमध्ये बसले नि दहा मिनिटांत पाय दुखायचा थांबला. इतकी चिडले, शेजारच्या बाईशी उगाच भांडले." त्या हसल्याच नाहीत, त्यामुळे मलाच फिस्सकन हसू आलं. "काढ बूट."

त्यांनी आत हात घातला, भुवई उंचावली आणि चिमट्याने आतला इनसोल, म्हणजे तळाची सुटी गादी, खेचून काढला. तो पुढच्या बाजूला दुमडून चक्क घडी झाला होता.

"पाय केवढा तुझा?"

"सदतीस."

"आणि हा चाळीसचा. ही घडी बोटांखाली घेऊन तू चालत होतीस?"

चौथ्या दिवशी ओढ्यात सगळ्यांचे बूट भिजले होते. आम्ही इनसोल काढून खिडकीत ओळीने वाळत घातले आणि पहाटे अंधारात हाताला येईल तो बुटात कोंबला.

"उंटिणीऽऽ!" मी ओरडले. चाळीसचा पाय आमच्यात तिचाच. "इकडे ये आधी!"

तिच्या उजव्या बुटातून माझा एवढुस्सा सदतीसचा निघाला. "तरीच म्हटलं, आत काहीतरी सरकतंय," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस, बये?"

"तू एवढी रडत होतीस, त्यात माझं काय सांगायचं!"

दोन दिवस सगळ्यांनी माझा पाय बघितला. बूट कोणी बघितलाच नाही, मीसुद्धा नाही! मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे मी लेचीपेची नव्हते. मी तर फोड घेऊन, घडीवरून, चाळीस किलोमीटर तुडवले होते!

मावशींनी माझा पाय मांडीवर घेऊन नीट पाहिला. "फोड आहेत, पण कोरडे पडतायत. आज पाय वर करून पड. उद्या एकच मोजा घाल. चालशील." मग बूट माझ्या हातात देत म्हणाल्या, "पहिल्या दोन्ही खेपांना मला कोणी सांगायला नव्हतं. तुला मी सांगतेय."

एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. आई मलमाची पिशवी घेऊन धावतच आत आली, मागून बाबा.

"कुठंय पाय? बघू! सामान कुठंय तुझं? अंधाराच्या आत घरी पोचायचंय."

"आई, थांब. बाबा, तुम्हीही ऐका." आवाज जरा जास्तच मोठा निघाला, पण निघू दिला. "मलम ठेवून जा, मला लागेल. मी घरी येत नाहीये. उद्या सकाळी सगळ्यांबरोबर निघणार, आणि पाच दिवसांनी तुम्ही मला घ्यायला वाट संपते तिथे यायचं."