जांभळीखालचा लाल डोळा

मला जुना म्हणा, खडूस म्हणा, पण मित्रांनो, टॉर्च म्हणू नका. टॉर्च एकदा पेटला की ढिम्म बसून राहतो. मी फ्लॅश आहे. क्षणभरच चमकायचं, पण असं की समोरच्याने डोळे चोळत विचारावं, काय झालं? एका जागी शांत बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला आणि तिथून मी घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओत आलो. पासपोर्ट फोटो काढून काढून अर्धं घाटकोपर मी परदेशी धाडलं. लग्नांचं तर विचारूच नका. एका वरातीत मी असा चमकलो की घोड्याला वाटलं, दिवस उजाडला. तो नवरदेवासकट तडक तबेल्यात गेला, आणि शेवटी मंगलाष्टकं तिथेच म्हणावी लागली. खोटं वाटतं? घोड्याला विचारा.

या सगळ्या उपद्व्यापांचं मूळ माझ्या कपाळावर आहे. तिथे लाल काचेचा, मसुराएवढा एक डोळा आहे. दुसरा कुठलाही फ्लॅश चमकलेला त्याला दिसला की त्याच क्षणी मीही चमकतो. तो कोणाचा, कशासाठी, मला बोलावलंय की नाही, असल्या चौकशा मी करत नाही. स्टुडिओत हा गुण ठरला. मालक पाठ थोपटून म्हणायचे, "हा माझा सगळ्यात आज्ञाधारक पोरगा." लग्नाच्या हॉलमध्ये मात्र मी पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांनाही उत्तरं देत सुटायचो, आणि ऐन सप्तपदीला माझा दम संपलेला असायचा.

मग नव्या जमान्याचे फ्लॅश आले. मालकांनी मला खणात टाकलं आणि पोटातले सेल काढायचे विसरले. सेल पोटात फुटणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं. आतड्यांवर हिरवट-पांढरा क्षार चढला. किती वर्षं त्या अंधारात तळमळत होतो? मी शंभर सांगेन, तुम्ही दहा धरा.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मला उचललं वनमालाबाईंनी. त्या नाहूरला राहायच्या आणि मुलुंडच्या एका चष्म्याच्या दुकानात काम करायच्या. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरायच्या आणि दिवेलागण झाली की कॅमेरा घेऊन इमारतीमागच्या जांभळीखाली जायचं, असा त्यांचा नेम. कोळी, नाकतोडे, पाली, गोगलगायी. ज्यांना बघून बाकीचे चप्पल शोधतात, त्यांचे त्या फोटो काढायच्या.

त्यांचे यजमान चंद्रप्रकाश यांनी लिंबाच्या रसाने माझं पोट साफ केलं. उजेड मऊ पडावा म्हणून बाईंनी माझ्या तोंडावर श्रीखंडाचा पांढरा डबा बसवला. इतक्या नवरदेवांना उजळलेला मी आणि आता डबा घालून कोळ्यांच्या मागे! पण खरं सांगतो, मजा यायची. कॅमेऱ्यावर बसून समोरून चमकलं की किडासुद्धा पासपोर्ट फोटोतल्या माणसासारखा दिसतो, चपटा आणि काहीतरी लपवणारा. म्हणून मला कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला धरायचं. कॅमेऱ्यावरचा चिमुकला फ्लॅश हलकेच लुकलुकायचा, माझा लाल डोळा ते टिपायचा आणि मी बाजूने असा उजेड टाकायचो की कोळ्याच्या पायावरचा केस न् केस दिसावा. मला धरायचं काम चंद्रप्रकाशांचं, आणि त्यांना तर झुरळाचीही भीती.

"अहो, डावीकडे. अजून. जरा खाली."

"वनमाला, इथे पाल आहे."

"तिचाच तर फोटो काढतेय."

"ती माझ्याकडेच बघतेय गं!"

"बघू दे. इतकी वर्षं मी नाही बघत?"

बाईंना ध्यास मात्र एकाच फोटोचा होता. मे महिन्यात झाडावर बसून कानात करवत चालवावी तसा किरकिरणारा किडा तुम्ही ऐकला असेल. त्याचं नाव सिकाडा. त्याचं पिल्लू वर्षानुवर्षं मातीखाली मुळांचा रस पीत पडून असतं. मग एका संध्याकाळी ते वर येतं, खोडावर चढतं, त्याची पाठ उकलते आणि जुन्या कातडीतून पंखवाला सिकाडा बाहेर येतो, दुधाळ, ओला, लोण्यासारखा मऊ. बाईंना दरवेळी सकाळी खोडाला चिकटलेली रिकामी कातडीच मिळायची. गेला उन्हाळाही हुकला होता, हा उन्हाळा सरत आला होता आणि पुढचा उन्हाळा नव्हता. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती. महिनाअखेर घरं रिकामी करायची, मग इमारत पडणार आणि तिच्यामागून जांभूळही. घराघरांत खोकी बांधून तयार होती.

अशात तळमजल्यावरच्या जान्हवीचं लग्न निघालं. या इमारतीतूनच लेक सासरी धाडायची, असा तिच्या घरच्यांचा हट्ट. पार्किंगमध्ये मांडव पडला, हळदीची गाणी सुरू झाली, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी बाईंना जांभळीच्या खोडावर, अगदी छातीच्या उंचीवर, मातीने माखलेलं एक पिल्लू घट्ट पाय रोवून बसलेलं दिसलं.

"अहो, हेच ते! हा आज निघणार!" बाईंनी कॅमेरा लावला, मला चालू केलं आणि कपाळाला हात लावला. "चष्मा वरच राहिला! मी आणते. तुम्ही हा फ्लॅश धरा. हलू नका, हलवू नका."

चष्म्याच्या दुकानातल्या बाईचा चष्मा कुठल्या खोक्यात, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं. चंद्रप्रकाश थोडा वेळ उभे राहिले. मग मांडवातून कोंबडी-वड्यांचा वास आला. त्यांनी मला पाहिलं, वाऱ्याची दिशा पाहिली, शेजारी पडलेला झाडू मातीत उलटा रोवला, त्याला मला नाड्याने बांधलं आणि म्हणाले, "आलोच."

इथून माझी परीक्षा सुरू झाली, मित्रांनो. मांडवात केयूर नावाचा फोटोग्राफर हळदीचे फोटो काढत होता. आत्याने हळद लावली, त्याचा फ्लॅश चमकला. मीही चमकलो. मामीने लावली, चमकलो. कोणी नवरीच्या नाकाला लावली, कोणी आजोबांच्या टकलाला, आणि मी जांभळीखाली एकटा, कोणी विचारलेलं नसताना, प्रत्येकाला उत्तर देतोय! खोडावरचं पिल्लू दचकून थबकलं. मला कळत होतं, पण राहवत नव्हतं. खाज यावी तसा तो डोळा. जान्हवीची मावशी माधुरी मांडवातून ओरडलीसुद्धा, "अगो बाय, तकडे झाडाखाली वीज खंयची चमाकता?"

बाई चष्मा लावून धावत आल्या, तेव्हा पिल्लाच्या पाठीवर बारीक चीर पडली होती. त्यांनी श्वास रोखून बटण दाबलं. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश लुकलुकला. मी गप्प. पुन्हा दाबलं. माझ्या पोटात काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"अहो!"

चंद्रप्रकाश वडा हातात घेऊनच धावले.

"हा चालू ठेवून तुम्ही गेलात?"

"बांधून गेलो होतो गं, व्यवस्थित."

"सगळे सेल संपवलेन याने! जादाचे कुठे आहेत?"

"पॅक केले."

"कुठल्या खोक्यात?"

चंद्रप्रकाशांनी वड्याकडे पाहिलं. बाई मग ओरडल्या नाहीत. मातीतच बसल्या आणि चीर रुंदावताना नुसत्या बघत राहिल्या. माणसं माझ्यावर चिडलेली मी पुष्कळ पाहिली, पण असं गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चंद्रप्रकाशांनाही ते सोसलं नसावं. झुरळाला भिणारा हा माणूस भर मांडवात घुसला आणि केयूरला हाताला धरून ओढत घेऊन आला. मागून नवरी आली, नवरीमागून अख्खी हळद आली.

"काका, सेल देतो, पण मग माझा फ्लॅश बंद," केयूर म्हणाला. "मांडवातल्या मिणमिणत्या दिव्यांत नुसते काळे फोटो येतील. जान्हवीताई, तू सांग."

"आणि आमची हळद कोण टिपणार?" माधुरीमावशी कडाडली. "एका किड्यापायी?"

पिवळ्याधमक तोंडाची जान्हवी खोडाशी वाकली. उकललेल्या पाठीतून एक दुधाळ डोकं बाहेर येत होतं. "मावशी, हळद मला उद्या परत फास हवी तर," ती हळूच म्हणाली. "याला परत नाही निघता येणार. केयूर, काढ रे सेल."

चंद्रप्रकाशांचे हात तेलकट, म्हणून नवरीनेच मला धरलं. डब्यावर तिची हळदीची बोटं उमटली. बाई म्हणाल्या, "जान्हवी, जरा मागून धर, पंखांच्या मागून." सिकाडा कातडीतून सुटून लोंबत होता, पंख चुरगळलेल्या रुमालासारखे. छोटा फ्लॅश लुकलुकला आणि मी चमकलो. एकदाच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या पंखांतली शीर न् शीर उजळलेली दिसली, किंचित हळदीच्या रंगाची. बाईंनी पदराने डोळे पुसले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण फोटो बघताच गर्दीला चेव आला. मोबाइल निघाले, टॉर्च पेटले, कोणा मामांनी जुना कॅमेरा रोखला. एवढ्या उजेडात सिकाडा भांबावून चालू लागला. त्याचे पंख अजून ओले होते. एक पाय निसटला, दुसरा निसटला, आता तो एका पायावर लटकत होता.

"बंद करा!" बाई कळवळून म्हणाल्या. "पडला तर पंख वाकडेच वाळतील. जन्मभर उडायचा नाही तो!"

"ए, लाइट घालवा रे!" जान्हवीने हळदीच्या अंगाने अशी आरोळी ठोकली की मांडवातले दिवेही विझले आणि गाणंही थांबलं. मामांचं बोट तेवढं कॅमेऱ्यावर तसंच होतं. माझ्या पोटात ताजे सेल होते. डोळा शिवशिवत होता. मामा चमकले असते तर मी चमकलोच असतो, माझा नाइलाज होता. तेवढ्यात वनमालाबाईंनी अंधारात चाचपत माझ्या कपाळावर अंगठा ठेवला आणि लाल डोळा झाकून टाकला.

मामा चमकले. मी नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मित्रांनो. आजवर न पाहिलेलंही मी तुम्हाला रंगवून सांगितलं असतं, पण हे नाही सांगणार. नुसतं ऐकलं. हळदीची अख्खी गर्दी एका किड्यासाठी श्वास रोखून उभी होती. कुणाचं तरी बाळ कुरकुरलं, त्याला थोपटलं. बऱ्याच वेळाने, अंधाराला डोळे सरावल्यावर, माधुरीमावशीच हळूच म्हणाली, "रोवल्यान गो पाय. सरळ झाले पंख." आणि मग कोणीतरी सांगितलं की तो वर, पानांत चढून गेला.

इमारत आता नाही. जांभूळही नाही. बाई आता बोरीवलीला राहतात, आणि त्यांच्या खिडकीशेजारी मी पुन्हा चुळबुळत बसलेलो असतो.

दोनच मागण्या आहेत. काम झालं की माझे सेल काढून ठेवत जा. आणि जिथे काही कोवळं बाहेर येत असेल, तिथे एकदा चमकून झालं की माझ्या डोळ्यावर बोट ठेवा. मी कुरकुर करेन. खुशाल करू द्या.